व्हॅलेंटाईन बॉल: खडकांचा नकाशा काढता काढता पाखरं नोंदवणारा आयरिश निसर्गअभ्यासक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

महाराष्ट्रात रानपिंगळ्याचा, म्हणजे रानातल्या एका दुर्मीळ छोट्या घुबडाचा, विषय निघाला की ह्यूम, डेव्हिडसन, रासमुसेन या पक्षीअभ्यासकांची नावं हमखास येतात. व्हॅलेंटाईन बॉल हे नाव मात्र क्वचितच कुणी घेतं. वाचकांनी त्यांच्याविषयी वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

व्हॅलेंटाईन बॉल कोण होते?

जन्म १४ जुलै १८४३, डब्लिन. मृत्यू १५ जून १८९५, तोही डब्लिनलाच, वयाची बावन्न वर्षं पुरी होण्याआधी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे पदवीधर. १८६४ साली ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले आणि १८८१ पर्यंत इथे राहिले. परतल्यावर ट्रिनिटीत भूविज्ञान आणि खनिजविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि १८८३ पासून अखेरपर्यंत डब्लिनच्या विज्ञान व कला संग्रहालयाचे संचालक होते. आज त्याच संस्थेला आयर्लंडचं राष्ट्रीय संग्रहालय म्हणतात. १८८२ साली त्यांची लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो म्हणून निवड झाली.

हुद्द्याने ते भूवैज्ञानिक होते. पक्ष्यांचा अभ्यास त्यांच्या नोकरीचा भाग नव्हता, तरीही त्यांनी तो नोकरीइतक्याच नेटाने केला.

निसर्गाची ओढ त्यांना घरातूनच मिळाली का?

हो, आणि त्या घराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं.

वडील रॉबर्ट बॉल (१८०२–१८५७) डब्लिन कॅसलमध्ये सरकारी कारकुनी करत आणि उरलेला सगळा वेळ प्राण्यांना देत. पुढे ते ट्रिनिटी कॉलेजच्या संग्रहालयाचे संचालक झाले. डब्लिनच्या प्राणिसंग्रहालयाची धुराही त्यांनी सांभाळली. तिथे एका पेनीत प्रवेश सुरू झाला, त्यामागे त्यांचाच आग्रह होता. त्यामुळे गरीब मजूरही मुलाबाळांना घेऊन तिथे येऊ लागले.

दोन आत्या यॉल या समुद्रकाठच्या गावी राहत. अ‍ॅन बॉल समुद्रशैवालांच्या जाणकार होत्या. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हेन्री हार्वे यांनी शैवालांच्या एका प्रजातीला ‘बॅलिया’ हे नाव दिलं ते त्यांच्या सन्मानार्थ. मेरी बॉल कीटक अभ्यासत. पाण्यातले किडे पाण्याखाली आवाज काढतात हे त्यांनी नोंदवलं, तेव्हा ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आलेली नव्हती. त्या काळात बायकांना विद्वत्सभांचे दरवाजे बंद होते, त्यामुळे त्यांची निरीक्षणं बरेचदा भावाच्या किंवा त्याच्या मित्रांच्या हातून छापली गेली. आयर्लंडच्या विज्ञानाच्या इतिहासात या दोघी बहिणींना अजून पुरेसा मान मिळालेला नाही असं मला वाटतं.

वडिलांच्या मित्रांपैकी बेलफास्टचे विल्यम थॉम्पसन (१८०५–१८५२) यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. आयर्लंडच्या पक्ष्यांवर १८४९ ते १८५१ या काळात त्यांचे तीन खंड निघाले. त्यांत ऐकीव माहिती आणि प्रत्यक्ष नोंद यांत काटेकोर फरक केलेला दिसतो. १८३४ साली वॉटरफर्डजवळच्या समुद्रात ग्रेट ऑक हा न उडणारा समुद्रपक्षी जिवंत पकडला गेला होता. तो पुढे काही महिने जगला, आणि मेल्यावर त्याचा नमुना ट्रिनिटीच्या संग्रहालयात आला. १८४४ साली आइसलँडजवळच्या एल्डी बेटावर या पक्ष्याची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली. जी जात आता जगात उरली नाही तिचा पक्षी वडिलांच्या संग्रहालयात, अशा वातावरणात व्हॅलेंटाईन वाढले. पक्षी कुठे आणि कधी मिळाला हे टिपून ठेवण्याची किंमत अशा घरात मुलाला वेगळी शिकवावी लागत नाही.

प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉल ते हेच का?

नाही, ते व्हॅलेंटाईन यांचे थोरले भाऊ, सर रॉबर्ट स्टावेल बॉल. धाकटे भाऊ चार्ल्स शल्यचिकित्सक होते. जॉन बॉल नावाचे आणखी एक आयरिश निसर्गअभ्यासक होऊन गेले, आल्प्सच्या गिर्यारोहणामुळे ते ओळखले जातात. त्यांच्याशीही गल्लत करू नये.

भूवैज्ञानिकाचा पक्ष्यांशी संबंध काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, आणि बॉल यांचं महत्त्व याच्याच उत्तरात आहे.

त्या काळी खडकांचा नकाशा काढायचा म्हणजे सगळा मुलूख पायाखाली घालावा लागे. माती आणि झाडोऱ्याखाली दडलेला खडक उघडा पडतो तो ओढ्या-नाल्यांच्या पात्रात. त्यामुळे सर्वेक्षणाचा माणूस एकेक ओहोळ धरून उगमापर्यंत चढे, टेकडी ओलांडे आणि दुसऱ्या ओहोळाने खाली उतरे. मुक्काम राहुटीत. पावसाळा संपला की फिरती सुरू होई आणि उन्हाळा तापला की कलकत्त्याला परत जायचं, पावसाळाभर टेबलाशी बसून अहवाल लिहायचे. बॉल यांनी असे अनेक हंगाम छोटा नागपूर, राजमहालच्या टेकड्या, मानभूम, सिंहभूम, पालामू, संबलपूर, तालचेर या भागांत काढले.

हौशी शिकारी ठरावीक चार-दोन ठिकाणी जाई आणि देखणा किंवा दुर्मीळ पक्षी टिपे. त्याच्या संग्रहावरून पक्षी आहे एवढंच कळतं, तो कुठून कुठवर आहे ते कळत नाही. बॉल यांना मात्र कोळशाच्या थरांसाठी जिल्हाच्या जिल्हा चालायचा होता. वाटेत अमुक पक्षी या खोऱ्यात दिसला, पुढच्या खोऱ्यात दिसला नाही, घाट चढल्यावर पुन्हा दिसला, अशी त्यांची नोंद होत गेली. खडकांच्या सीमा आखणाऱ्या डोळ्यांनी त्यांनी पक्ष्यांच्याही सीमा आखल्या. पुष्कळ पक्षी गोळा करणारे त्या काळात बरेच होते. पक्षी नेमका कुठे राहतो हा प्रश्न धरून वर्षानुवर्षं चालणारे फार थोडे होते.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. फिरती हिवाळ्या-उन्हाळ्यातली असल्यामुळे हिवाळी पाहुण्यांची नोंद चांगली झाली. पावसाळ्यात वीण करणाऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांसाठी मात्र या याद्यांवर फार विसंबू नये.

त्यांनी पक्ष्यांवर नेमकं काय लिहिलं?

बहुतेक लेखन ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आहे. १८७४ मध्ये छोटा नागपूर विभागाच्या पक्ष्यांवर त्यांचा मोठा लेख आला. १८७७ मध्ये महानदी आणि गोदावरी यांच्या मधल्या प्रदेशातल्या पक्ष्यांची टिपणं आली. १८७८ मध्ये त्यांनी सगळ्याचा मेळ घालून राजमहालच्या टेकड्यांपासून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात पक्षी कसे पसरले आहेत यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच ‘गंगेपासून गोदावरीपर्यंत’ असा पल्ला आहे.

माझ्या मते हा तिसरा लेख त्यांचं पक्ष्यांवरचं सर्वांत मोलाचं काम आहे. मध्य भारताच्या पूर्वेकडचा हा पट्टा अभ्यासकांना आजही कोडी घालतो. पहाडी मैना घ्या. ती हिमालयाच्या पायथ्याशी आहे, मधलं सगळं मैदान सोडून पुन्हा बस्तर आणि ओडिशाच्या डोंगरांत आहे, आणि दक्षिण सह्याद्रीत तिचा जवळचा भाऊबंद आहे. असं तुटक वास्तव्य समजून घ्यायचं तर या मधल्या डोंगरांत कोण आहे आणि कोण नाही याची यादी आधी हातात हवी. ती करायला बॉल यांनी घेतली.

‘स्ट्रे फेदर्स’ काढणारे ह्यूम म्हणजे काँग्रेसचे ह्यूम का?

तेच. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यामागचे प्रमुख. त्याआधीची कित्येक वर्षं त्यांनी भारतीय पक्ष्यांना दिली होती. देशभरातले अधिकारी त्यांना टिपणं आणि नमुने पाठवत. पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी त्यांनी जमवलेली हस्तलिखितं सिमल्यात घरच्या नोकराने रद्दीच्या भावात विकली आणि ती कायमची गेली. म्हणून बॉल यांच्यासारख्यांच्या ज्या नोंदी वेळेवर छापल्या गेल्या, त्यांचं मोल आणखी वाढलं.

अंदमानातल्या एका घुबडाला त्यांचं नाव आहे ना?

हो, ओटस बॅली. कानांसारखे पिसांचे तुरे असलेलं छोटं तपकिरी घुबड, फक्त अंदमान बेटांवर आढळणारं. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि बॉल यांचं नाव दिलं.

बॉल १८६९ मध्ये अंदमान-निकोबारला जाऊन आले होते. १८७३ च्या मार्चमध्ये ह्यूम यांनी बंगालच्या उपसागरातल्या बेटांची जी मोहीम काढली, तिच्यातही ते होते. सोबत फर्डिनांड स्टोलिच्का आणि जेम्स वुड-मेसन हे निसर्गअभ्यासक होते. मंडळी नारकोंडमला गेली, बॅरन बेटाच्या ज्वालामुखीवर गेली. नारकोंडमचा धनेश जगात फक्त त्या एवढ्याशा बेटावर आहे, त्याचंही वर्णन ह्यूम यांनी त्याच वर्षी केलं. इतर मंडळी पक्ष्यांमागे असताना बॉल यांना ज्वालामुखीचंही काम होतं, त्यावर त्यांनी स्वतंत्र लिहिलं आहे. स्टोलिच्का पुढच्याच वर्षी, १८७४ मध्ये, यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखात वारले. सहकाऱ्याचं चरित्र बॉल यांनी नंतर लिहून काढलं.

रानपिंगळ्याच्या कथेत बॉल कुठे येतात?

महाराष्ट्राशी त्यांचा धागा जुळतो तो इथे.

१८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांना एक अनोळखी पिंगळा मिळाला. १८७३ मध्ये ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचं नाव देऊन नवी जात जाहीर केली. एका नमुन्यावर उभी राहिलेली जात नेहमी शंकेच्या छायेत असते, एखादा विचित्र रंगाचा साधा पिंगळाच असेल असं कुणीही म्हणू शकतं. १८७७ मध्ये बॉल यांना खरियारच्या मुलखात उदेत नदीकाठी तसाच पक्षी मिळाला. हा भाग आज ओडिशाच्या नुआपाडा जिल्ह्यात येतो. या दुसऱ्या नोंदीमुळे त्या जातीला आधार मिळाला. त्यानंतर १८८० ते १८८४ च्या दरम्यान खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांना शहादा-तळोदा भागात काही पक्षी मिळाले. मग शंभरावर वर्षं काहीच नाही.

मधल्या काळात एक नोंद होती खरी. रिचर्ड माइनर्ट्सहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात १९१४ सालचा, गुजरातेत तापीकाठच्या मांडवीचा म्हणून एक नमुना होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीअभ्यासकांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसन यांचाच जुना नमुना निघाला. पिसं-कातडं नव्याने बसवून त्याला खोटी चिठ्ठी अडकवली होती. त्या खोट्या ठिकाणावर भरवसा ठेवून मांडवीच्या आसपास शोधणाऱ्यांच्या हाती काहीच लागणार नव्हतं.

१९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी खऱ्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं धरून शोध घेतला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी!

ब्लेविट, बॉल, डेव्हिडसन यांच्यापैकी कुणालाही आपली नोंद पुढे शतकभरानंतर कुणाच्या कामी येईल याची कल्पना नव्हती. ठिकाण आणि दिवस खरा लिहायचा, एवढं त्यांनी पाळलं.

रानपिंगळा आज कुठे दिसतो? साध्या पिंगळ्यापासून वेगळा कसा ओळखायचा?

तोरणमाळ आणि सातपुड्याचा परिसर, मेळघाट, ठाणे-पालघरकडे तानसा अभयारण्य, शिवाय मध्य प्रदेश आणि गुजरातचे काही भाग. मेळघाटात त्याची चांगली वस्ती आहे. आंतरराष्ट्रीय यादीत तो संकटग्रस्त मानला जातो.

गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ सपाट करड्या-तपकिरी रंगाचं, ठिपके अगदी पुसट. डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी. शेपटीवर रुंद पट्टे, पाय दाट पांढऱ्या पिसांनी झाकलेले. दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसून शेपटी हलवणारा पिंगळा रानात दिसला तर नीट पाहा. आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत त्याचा त्रास थेट पिलांना होतो.

हे लोक पक्षी मारूनच अभ्यास करायचे. त्याचं कौतुक का करावं?

मारत होते, हे खरं आहे. चांगल्या दुर्बिणी नव्हत्या, छायाचित्रं नव्हती, ओळख पटवायची तर हातात पक्षी लागे. काही लोकांनी हौसेपोटी गरजेपेक्षा कितीतरी जास्त मारले, ते वाईटच होतं. पण जे नमुने ठिकाण-तारखेसकट जपले गेले त्यांचा उपयोग आजही होतो. माइनर्ट्सहागनची लबाडी उघड झाली तीही संग्रहालयातले नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यामुळे. आज मात्र अभ्यासाच्या नावाखाली कुणी रानपिंगळ्याला हात लावू नये.

ते इंग्रज सत्तेचेच नोकर होते ना?

होते. सर्वेक्षणाचं मुख्य काम कोळसा, लोखंड, तांबं, सोनं शोधण्याचं, आणि ते साम्राज्याच्या फायद्यासाठी होतं. ज्या टेकड्यांत त्यांनी पक्षी नोंदवले, त्यांपैकी काहींत आज उघड्या खाणी आहेत. गंमत अशी की त्या सर्वेक्षणाचे प्रमुखही आयरिश होते, आधी थॉमस ओल्डहॅम आणि मग हेन्री बेनेडिक्ट मेडलिकॉट.

यासोबत दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मानभूम आणि हजारीबागमधले आदिवासी रानातलं काय काय खातात, कोणतं फळ, कोणती पानं, कोणते कंद, मोहाची फुलं कशी वापरतात, यावर बॉल यांनी १८६७ मध्येच टिपण प्रसिद्ध केलं. १८६६ चा भीषण दुष्काळ तेव्हा नुकताच होऊन गेला होता. वाटाड्ये, नमुने आणून देणारे, पक्ष्यांच्या जागा दाखवणारे स्थानिक लोक त्यांच्या कामाचा पाया होते. त्यांची नावं मात्र छापील याद्यांत आली नाहीत, आणि ही उणीव आता भरून निघणार नाही.

पक्षी आणि खडक यांशिवाय त्यांनी काय केलं?

बरंच. १८६५ पासून बंगालमध्ये आणि १८७६ मध्ये ओडिशात त्यांना अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली. पूर्व भारताच्या प्रागैतिहासिक संशोधनाची सुरुवात त्यांच्या नोंदींपासून सांगतात. १८८१ मध्ये भारताच्या खनिजसंपत्तीवर त्यांचा मोठा ग्रंथ आला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच्या भारतप्रवासाचं त्यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १८८९ मध्ये दोन खंडांत निघालं. त्यातल्या हिऱ्यांच्या खाणी नकाशावर नेमक्या कुठे येतात हे त्यांनी स्वतः चाललेल्या मुलखाच्या आधारे ठरवलं. कोहिनूर म्हणजेच ताव्हर्नियेने पाहिलेला मोगलांचा महान हिरा, असं त्यांचं मत होतं. ते सगळ्यांना मान्य झालेलं नाही.

त्यांचं कोणतं पुस्तक आधी वाचावं?

‘जंगल लाइफ इन इंडिया’, १८८०. अनेक वर्षांच्या फिरतीची ही वर्षावार रोजनिशी आहे. खडक, पक्षी, जनावरं, गावं, बाजार सगळं त्यात येतं. लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांविषयीच्या कथांवरही त्यांनी लिहिलं आहे. तो भाग सावधपणे वाचावा, कारण त्यातलं पुष्कळसं इतरांकडून ऐकलेलं आहे. पक्ष्यांची आवड असेल तर पुस्तक सलग न वाचता आपल्याला माहीत असलेल्या एखाद्या भागाचं प्रकरण आधी काढा. हक्कमुक्त असल्यामुळे ते इंटरनेट अर्काइव्हवर मोफत मिळतं. ‘स्ट्रे फेदर्स’चे अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर आहेत.

डब्लिनला परतल्यावर पक्ष्यांचा अभ्यास सुटला का?

रानातला सुटला. १८७९ मध्ये लग्न झालं होतं, मग प्राध्यापकी आली आणि पाठोपाठ संग्रहालय. १८८४ मध्ये अमेरिका-कॅनडातली संग्रहालयं पाहून त्यांनी अहवाल लिहिला. किल्डेअर स्ट्रीटवरची नवी इमारत २९ ऑगस्ट १८९० रोजी उघडली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. वडिलांनी एका पेनीत लोकांना प्राणी दाखवले, मुलाने देशाचा ठेवा एका छताखाली मांडला.

त्या काळात आयर्लंडमध्येच राहून पक्षी अभ्यासणारे आणखी कोण होते?

थॉम्पसन यांच्यानंतर दोन नावं महत्त्वाची. रिचर्ड जॉन अशर (१८४१–१९१३) कड्या-कपारींतली घरटी आणि गुहांमधली हाडं या दोन्हींचे जाणकार. रिचर्ड मॅनलिफ बॅरिंग्टन (१८४९–१९१५) यांनी तर दीपगृहांच्या रखवालदारांनाच निरीक्षक केलं. रात्री दिव्यावर आपटून मेलेल्या पक्ष्याचा एक पाय आणि एक पंख, सोबत तारीख, असं पाकीट रखवालदार त्यांना पाठवत. त्या पाकिटांतून आयर्लंडवरून होणाऱ्या पक्ष्यांच्या स्थलांतराचा जाडजूड ग्रंथ १९०० मध्ये तयार झाला.

बॉल यांच्या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून पाहायच्या असतील तर सुरुवात कशी करावी?

आधी ठिकाण पक्कं करा. खरियार तेव्हा मध्य प्रांतात होतं, मानभूम नावाचा जिल्हाच आता उरला नाही. जुना नकाशा शेजारी ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग शास्त्रीय नाव बघा. बरीच नावं बदलली आहेत, पण वर्णनावरून बहुतेक जाती जुळतात. नंतर महिना जुळवा. फेब्रुवारीतल्या नोंदीची तुलना फेब्रुवारीतल्याच नोंदींशी करा. आणि त्याच ओढ्यावर स्वतः गेलात तर आपली यादी करताना न दिसलेल्या पक्ष्यांचीही नोंद ठेवा, सोबत ओढ्याचं नाव, जवळचं गाव आणि दिवस.